घोड्याचे पोट का दुखते?

एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी जा, लग्नांची धामधूम दिसते. पुढे बँड, मागे वऱ्हाडी आणि मधे झूल-गोंडे घालून सजवलेला घोडा. पारा 44 अंशांच्या आसपास असतो. माणसे सरबत पितात, सावली शोधतात. घोडा मात्र आपली पाळी येईपर्यंत मांडवामागे उभा असतो.

दिग्रसजवळच्या एका गावात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारी निंबाखाली बांधलेला घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागला. बसला, उठला, पुन्हा बसला. अंगाला घाम सुटला होता. "माशी चावत असन," कुणीतरी म्हणाले. पण घोड्याच्या वयस्क मालकाचा चेहरा उतरला. त्यांना कळले होते, घोड्याच्या पोटात कळ आली आहे.

लगेच उपाय सुरू झाले. बैलाचे पोट फुगले की देतात तसे गोडेतेल आणि ओवा आणला गेला. ते घशात ओतायला बांबूचे नळकांडेही आले. तेवढ्यात तालुक्याच्या पशुवैद्यांशी फोन लागला. त्यांचे पहिले वाक्य होते, "मामा, मी येईपर्यंत तोंडातून काहीही पाजू नका."

बैलाला चालणारे औषध घोड्याला का चालू नये? दोघेही गवतच खातात ना? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पचनसंस्थेचा सगळा धडा नव्याने शिकायला मिळतो.

एकच चारा, दोन कारखाने

गवत, कडबा, कुटार यांत सेल्युलोज भरपूर असते. ते पचवणारे विकर ना बैलाकडे असते ना घोड्याकडे. दोघांनीही हे काम पोटातल्या सूक्ष्मजीवांवर सोपवले आहे. फरक आहे तो हा कारखाना कुठे उभारला याचा.

बैलाचा कारखाना पुढे, पोटाच्या पहिल्या कप्प्यात असतो. चारा तिथे आंबतो, रवंथ होऊन पुन्हा दळला जातो. तयार होणारा वायू बैल ढेकर देऊन बाहेर टाकतो. ढेकर अडली की डावी कूस ढोलासारखी फुगते. हीच ती पोटफुगी.

घोड्याचा कारखाना मागे आहे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे. त्यानंतर सुमारे 20 मीटर लांबीचे लहान आतडे. ते पार केल्यावर अन्न अंधनालात येते. माणसाच्या अंधनालाला लोंबणारे आंत्रपुच्छ आपण चित्रात बोटभर दाखवतो. घोड्याचे अंधनाल मात्र सुमारे एक मीटर लांबीचे पिंप असते, त्यात 25 ते 35 लिटर माल मावतो. त्यापुढे अवाढव्य मोठे आतडे. या दोन ठिकाणी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून बनणारी लहान रेणूंची मेदाम्ले रक्तात शोषली जातात आणि घोड्याला शक्ती देतात.

हा फरक वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. वाळलेले शेण आणि वाळलेली लीद शेजारी ठेवा आणि मुलांना काडीने फोडून पाहायला सांगा. शेण बारीक, एकजीव असते. लिदीत काड्यांचे तुकडे डोळ्यांना दिसतात. रवंथ करणाऱ्याचे आणि न करणाऱ्याचे पचन यांतला भेद पाठ्यपुस्तकापेक्षा इथे जास्त स्पष्ट होतो. (नंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.)

उलटी न होणारा प्राणी

घोड्याच्या रचनेत आणखी एक विशेष आहे. त्याची अन्ननलिका जठराला तिरकी जोडलेली असते आणि त्या तोंडावरचा स्नायू फार बळकट असतो. अन्न आत जाते, परत येत नाही. घोड्याला उलटी होत नाही आणि बैलासारखी ढेकरही देता येत नाही. पुढे रस्ता बंद झाला तर द्रव आणि वायू जठरात साठत जातात. ताण फारच वाढला तर जठर फाटूही शकते.

मागची रचनाही नाजूकच. लहान आतडे पातळ, लांब पटलाला टांगलेले असते. मोठे आतडे दोन घड्या घालून पोटात बसवलेले असते आणि त्याचा बराच भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसतो. वायू भरला की तो सरकू शकतो, त्याला पीळही पडू शकतो. शिवाय डाव्या बाजूला मागे, कमरेच्या हाडांजवळ, हे आतडे एकदम वळते आणि तिथेच रुंद नळी अरुंद होते. शहरातल्या वाहतुकीत अरुंद वळणावर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून पोटशूळ हे एका रोगाचे नाव नव्हे. ती नुसती खूण आहे. वायू, आतड्याचा पेटका, कोरड्या चाऱ्याचा बोळा, चाऱ्यासोबत गेलेली वाळू, जंत किंवा पडलेला पीळ, यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते. बहुतेक घोडे साध्या उपचारांनी बरे होतात. थोड्यांना शस्त्रक्रियेवाचून पर्याय नसतो आणि पीळ पडलेल्यांच्या बाबतीत तासातासाला महत्त्व असते. बाहेरून मात्र सारे सारखेच दिसते.

घामाचे गणित

दिग्रसजवळच्या त्या घोड्याला काय झाले होते? पशुवैद्यांनी हातमोजा घालून गुदद्वारातून तपासले तेव्हा त्या अरुंद वळणाजवळ मळलेल्या कणकेसारखा घट्ट गोळा हाताला लागला. कोरडा चारा तिथे अडकून बसला होता.

मालक म्हणाले, "पाणी तं समोर ठेवलं होतं जी. त्यानं तोंडच नाही लावलं."

ते खरेच सांगत होते. माणसाच्या घामात रक्तापेक्षा क्षार कमी असतात. आपल्याला घाम आला की पाणी जास्त जाते, रक्त दाट आणि खारट होते, ते मेंदूला कळते आणि तहान लागते. घोड्याचा घाम वेगळा. तो रक्ताइतकाच, किंबहुना थोडा अधिक खारा असतो. पाण्याबरोबर त्याच प्रमाणात क्षारही निघून जातात. शरीरातले पाणी घटते, पण रक्ताचा खारटपणा वाढत नाही. मेंदूला सूचनाच मिळत नाही. तहान लागायला हवी तेव्हाच ती पुरेशी लागत नाही.

आता पुढचा दुवा. मोठे आतडे हे घोड्याचे पाण्याचे टाके आहे. शरीराला पाणी कमी पडले की तिथल्या चाऱ्यातून ते जास्त ओढून घेतले जाते. मागे उरलेला चारा कोरडा पडतो. त्यात त्या दिवशी सकाळपासून घोड्याला फक्त कोरडे कुटार होते आणि वरातीत जोर राहावा म्हणून भरपूर हरभरा. घोड्याच्या लहान जठराला दिवसभर थोडे थोडे चरण्याची सवय असते. एका वेळी खूप दाणा दिला तर त्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, तो मागच्या कारखान्यात पोहोचतो. तिथे तो झपाट्याने आंबतो, वायू आणि लॅक्टिक आम्ल बनते आणि सेल्युलोज पचवणारे सूक्ष्मजीव मरू लागतात.

कोरडा चारा अडकतो कसा, याचा प्रयोग मुलांना करता येईल. सायकलच्या जुन्या ट्यूबचे हातभर लांबीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाला मधे वाकवून वळणावर दोरा सैलसर बांधा, म्हणजे तोंड थोडे अरुंद होईल. एकात कोरडे कुटार भरा, दुसऱ्यात रात्रभर भिजवलेले. आता बाहेरून बोटांनी दाबत माल पुढे सरकवा. आतडेही असेच लाटांनी अन्न ढकलते. कोरडे कुटार कुठे थांबते ते मुलेच दाखवतील.

रात्रीचे काम

पशुवैद्यांनी आधी जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून नाडी मोजली. विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. याची 52 होती. ती 60 च्या वर जाऊन तिथेच राहिली तर काळजीचे कारण असते. मग हिरडी अंगठ्याने दाबून सोडली. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला, म्हणजे रक्ताभिसरण अजून बरे होते. कुशीला नळी लावून आवाज ऐकले. निरोगी घोड्याचे पोट सतत गुरगुरत असते. शांत पोट ही वाईट खूण.

त्यानंतर नाकपुडीतून लांब नळी थेट जठरापर्यंत सरकवली. जठरात द्रव साठला असेल तर त्याला बाहेर यायला हीच एक वाट. साठा नाही याची खात्री झाल्यावर त्याच नळीने पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडले. नळकांड्याने तेल का ओतायचे नाही, हे इथे लक्षात येते. तेलाने ठसका लागत नाही, ते चुकून श्वासनलिकेत उतरते आणि फुफ्फुसाचा जीवघेणा दाह होतो. घरच्या घरी वेदनाशामक टोचणेही धोक्याचे. दुखणे दबते, पण पीळ तसाच राहतो आणि तपासणाऱ्याला खरी अवस्था कळत नाही.

घोड्याला सारखे फिरवत ठेवावे, नाहीतर तो लोळेल आणि आतड्याला पीळ पडेल, असा समज सर्वत्र आहे. लोळणे हे बहुतेक वेळा दुखण्याचे लक्षण असते, पिळाचे कारण नव्हे. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवावे, तो स्वतःला इजा करून घेणार नाही हे पाहावे. थकलेल्या, पाणी कमी झालेल्या जनावराला तासन्‌तास ओढत नेणे म्हणजे आगीत तेल.

"डॉक्टरसाहेब, घोडं वाचन नं जी?" मालकांनी विचारले.

"वाचायला पाहिजे. पण आज कुणी झोपायचं नाही. दर तासाला नाडी लिहून ठेवा आणि लीद पडली की मला फोन करा."

शिरेतून सलाईन चालू होते. मालकांचा शाळकरी नातू वहीत आकडे लिहीत होता: 52, 56, 52, 48. पहाटे पाचच्या सुमारास तेलकट, कोरड्या लिदीचे चार गोळे पडले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले.

दुखणे गेले, बरे व्हायचे राहिले

सगळ्यांना वाटले, संपले. दोन दिवसांनी दुसरी वरात होती आणि तिची आगाऊ रक्कमही मालकांनी घेतलेली होती. पशुवैद्यांनी स्पष्ट नाही म्हटले.

वाट मोकळी झाली तरी कारखान्यातले कामगार कमी झालेले असतात. सूक्ष्मजीवांची वस्ती पुन्हा नीट बसायला दिवस लागतात. म्हणून सुरुवात मूठमूठ भिजवलेल्या हिरव्या गवताने, दर दोन-तीन तासांनी. मग हळूहळू नेहमीचा चारा. दाणा काही दिवस पूर्ण बंद, नंतर अगदी थोडा. रोज लीद किती आणि कशी पडते याची नोंद. खुरांना हात लावून पाहणे, कारण आतड्यातली विषारी द्रव्ये रक्तात गेली तर खुरांच्या आतल्या थराला सूज येते; खूर गरम लागतात, घोडा पाय उचलायला नाखूश असतो. दात आणि जंत यांची तपासणीही याच काळात. निरोगी घोड्याचासुद्धा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, हा नियम याच कारणासाठी.

मालकांनी आगाऊ रक्कम परत केली. हंगामातली कमाई बुडाली, पण घोडा गेला असता तर पुढचे सगळेच हंगाम गेले असते.

घामेजलेल्या घोड्याला पाणी

घामेजलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, असे जुने लोक सांगतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने उष्ण, दमट हवेत काम करणाऱ्या घोड्यांचा बराच अभ्यास झाला. त्यातून आणि नंतरच्या प्रयोगांतून दिसले, की दमलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतणे धोक्याचे नाही आणि त्याला पाणी पिऊ देणे तर आवश्यकच आहे. पहिले पाणी किंचित खारे, म्हणजे लिटरला सुमारे 9 ग्रॅम मीठ घातलेले दिले, तर घोडा नंतर साधे पाणीही जास्त पितो. कारण आता उघड आहे. मीठ रक्तात गेले की हरवलेली सूचना मेंदूला पुन्हा मिळते. मात्र साध्या पाण्याची बादली नेहमी शेजारी हवीच.

दहा लिटरच्या बादलीत 90 ग्रॅम मीठ. कापसाच्या आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात कुणालाही परवडेल असा हा खर्च आहे. त्याच्या जोडीला सावली, भिजवलेला चारा, दाणा थोडा थोडा. तरीही घोडा कुशीकडे पाहू लागलाच, तर चारा-दाणा पुढून काढून घ्यावा आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा.

तुमच्या वर्गात एखादा घोडेवाल्याचा मुलगा किंवा नातू असेल. पचनसंस्थेचा धडा शिकवाल त्या दिवशी त्यालाच पुढे बोलवा आणि घोड्याची नाडी कुठे लागते ते दाखवायला सांगा. त्या रात्री वहीत आकडे लिहिणाऱ्या मुलाला ते एका रात्रीत आले होते.