शेणाचा दुहेरी लाभ : गोबर-गॅस व त्याचें खत

शेणाचे दोन उपयोग आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत : घरांत जळण व शेतांत खत. ह्या दोहोंचें वैर आहे. जें शेण गोवरीच्या रूपानें चुलींत गेलें, तें शेताला अंतरलें. गोवरी जळते तेव्हां तिच्यांतील नत्र धुरावाटे निघून जातें. राखेंत पालाश व स्फुरद एवढेंच काय तें उरतें. हें वैर मिटविण्याचा मार्ग म्हणजे गोबर-गॅस होय. परंतु ह्या साधनाकडे केवळ जळण म्हणून पाहिल्यामुळें पुष्कळांची निराशा झाली आहे. म्हणून त्याचें खरें स्वरूप येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय आपल्या प्रांताला नवा नाहीं. १८९७ सालीं मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून निघणारा वायु सांठवून त्यावर दिवे लावण्यांत आले होते. शेणावरील प्रयोग दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास झाले. १९५० नंतरच्या दशकांत जशभाई पटेल यांनीं तरंगत्या लोखंडी टांकीचा नमुना सिद्ध केला, आणि पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. लोखंड गंजतें व महागहि पडतें, म्हणून विटांच्या पक्क्या घुमटाचे नमुने निघाले. त्यांपैकीं १९८४ सालचा ‘दीनबंधु’ विशेष प्रचारांत आला.

आतां खड्ड्यांत काय घडतें तें पाहूं. शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद ठेविलें म्हणजे हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतू त्यावर काम करूं लागतात. एका वर्गाचे जंतू शेणांतील द्रव्यें फोडून त्यांचें आम्ल बनवितात. दुसऱ्या वर्गाचे जंतू त्यापासून मिथेन वायु तयार करतात. निघालेल्या वायूंत शेंकडा ५५ ते ६० मिथेन असतो व बाकीचा बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. जळतो तो मिथेन. हे दुसरे जंतू मंद वाढीचे व नाजूक असतात. एकदम फार शेण लोटलें तर आम्ल सांचून खड्डा आंबतो व वायु बंद पडतो. गोठा धुतांना फिनेल आंत गेल्यास जंतू मरतात. ३० ते ३५ अंश उष्णमान त्यांना मानवतें. म्हणून हिवाळ्यांत वायु कमी मिळतो, हा बांधणीचा दोष नव्हे.

खरा मुद्दा पुढेंच आहे. वायूबरोबर बाहेर जातात ते कार्बन, हायड्रोजन व प्राणवायु. नत्र, स्फुरद व पालाश हीं जवळजवळ सर्व रबडींतच राहतात. म्हणजे जळण मिळालें, तरी शेताचा वांटा शाबूत राहिला. नत्राचा कांहीं भाग अमोनियाच्या रूपांत आल्यानें तो पिकाला लवकर लागू पडतो. पण तीच रबडी उन्हांत वाळविली तर हा भाग उडून जातो. म्हणून ती पाटाच्या पाण्याबरोबर पिकाला द्यावी, अथवा पाचट, काडीकचरा ह्यांच्या थरांवर ओतून खड्ड्यांत कुजवावी. रबडी ओढ्यांत सोडणारा शेतकरी आपली निम्मी मिळकतच सोडून देतो.

बांधण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या गोठ्याचा हिशेब करावा. एक किलो ओल्या शेणापासून सुमारें ४० लिटर वायु निघतो. दोन घनमीटर वायूसाठीं रोज ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें. एवढ्या वायूवर एक साधी शेगडी सुमारें चार तास जळते व पांचसहा माणसांचा स्वयंपाक होतो. हें शेण चारपांच मोठ्या जनावरांचें होय, पण तीं गोठ्यांत बांधलेलीं असलीं तरच. दिवसभर रानांत चरणाऱ्या जनावरांचें निम्में शेण हातीं येत नाहीं. १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनेखालीं ह्या कामास अनुदान मिळूं लागलें, आणि अनुदान आहे म्हणून गरजेहून मोठे खड्डे अनेक ठिकाणीं बांधले गेले. पुढें बैल विकले, गाई कमी झाल्या आणि खड्डे कोरडे पडले. अर्धपोटीं मोठ्या खड्ड्यापेक्षां भरल्या पोटाचा लहान खड्डा बरा.

दोन सूचना प्राणाच्या आहेत. गळती पाहण्यासाठीं काडी ओढूं नये. नळीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें, बुडबुडे आले कीं गळती समजावी. दुसरें, खड्डा उपसण्याची वेळ आली तरी आंत माणूस उतरवूं नये. आंत श्वासाला हवा नसते, शिवाय गंधकाचा विषारी वायु असतो. पहिल्याला वांचविण्यास दुसरा उतरतो व दोघेहि जातात.

असो. ज्याच्या दावणीला पुरेशीं जनावरें आहेत, पाणी जवळ आहे आणि रोज सकाळीं शेण कालविण्यास घरांत एक माणूस आहे, त्यानें हें काम अवश्य अंगावर घ्यावें. खड्डा हें दावणीचें आणखी एक जनावर समजून त्याला रोज चारलें, तर तें घराला जळण व शेताला खत देत राहील. दुर्लक्ष झालें, तर विटांचा नुसता ढीग उरेल.