दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोक डिझेल इंजिनांचा हवापुरवठा

सिलिंडरमध्ये जेवढी हवा, तेवढेच डिझेल नीट जळते. म्हणून इंजिनाची तुलना हवेपासून सुरू करावी. उदाहरणासाठी भारतीय रेल्वेचे दोन लोको घेऊ: चार-स्ट्रोक डब्ल्यूडीएम-२ आणि दोन-स्ट्रोक डब्ल्यूडीजी-४. दोन्हींत १६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सुमारे २३० मिमी.

चार-स्ट्रोक इंजिनात चूषण स्ट्रोकला पिस्टन खाली जातो आणि झडपेतून हवा आत ओढतो. पिस्टन स्वतःच पंप असतो. टर्बोचार्जर त्यात भर घालतो. तो मंद असला तरी इंजिन चालते, फक्त शक्ती कमी देते. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डब्ल्यूडीएम-२ काळा धूर सोडतो तो यामुळेच. इंधन लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो.

दोन-स्ट्रोक इंजिनात चूषण स्ट्रोकच नाही. पिस्टन तळाजवळ असताना, फेऱ्याच्या साधारण एक-तृतीयांश भागात, धूर बाहेर आणि हवा आत, ही दोन्ही कामे उरकावी लागतात. आधी माथ्यावरच्या निकास झडपा उघडतात व दाब उतरतो. मग पिस्टन लायनरमधली भोके उघडी करतो. तिथून दाबाखालची हवा शिरते आणि धुराला वर ढकलत बाहेर काढते. यालाच स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

उत्तरपत्रिकांत अनेकजण इथे क्रँककेसमध्ये हवा दाबली जाते असे लिहितात. ते जुन्या चेतक स्कूटरच्या पेट्रोल इंजिनाचे वर्णन झाले. या डिझेल इंजिनात क्रँककेसमध्ये फक्त वंगण असते. हवा टर्बोचार्जर देतो.

पण सुरू करताना धूरच नसतो, मग टर्बाइन फिरणार कसे? म्हणून डब्ल्यूडीजी-४ च्या टर्बोचार्जरला क्रँकशाफ्टकडून गिअरने फिरवतात. वरच्या नॉचवर धुराचा जोर पुरेसा झाला की टर्बाइन गिअरच्या पुढे धावू लागते आणि मधला एकदिशा क्लच सुटतो. हा क्लच माझ्या मते सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग आहे.

दर फेऱ्याला एक शक्ती-स्ट्रोक, म्हणून शक्ती दुप्पट? डब्ल्यूडीएम-२ ची २६०० अश्वशक्ती, डब्ल्यूडीजी-४ ची ४०००. म्हणजे दीडपटीच्या आसपास. निकास झडपा लवकर उघडाव्या लागत असल्याने प्रसरण अपुरे राहते. शिवाय ही तुलना टर्बोचार्जरवरही अवलंबून आहे: त्याच अल्को इंजिनात सुधारणा करून, हवा व इंधन वाढवून, डब्ल्यूडीएम-३ए मध्ये ३१०० अश्वशक्ती मिळवली गेली.