फटाके आणि पाळीव प्राणी

फटाक्यांच्या मोठ्या व आकस्मिक आवाजामुळे पाळीव प्राण्यांमध्ये, विशेषतः कुत्रा व मांजर यांच्यामध्ये, तीव्र भीती निर्माण होते. तिला ध्वनिभय असे म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने दिवाळीत, तसेच लग्नाच्या वराती व ३१ डिसेंबरच्या रात्री उद्भवतो.

कारणे

मनुष्याला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्यामध्ये ही वरची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झ असून मांजरात ती त्याहूनही अधिक असते. मंद ध्वनीही या प्राण्यांना मनुष्यापेक्षा अधिक स्पष्टपणे ऐकू येतात. शिवाय फटाका केव्हा वाजेल याचा अंदाज प्राण्याला येत नाही. त्यामुळे भीती वाढते.

लक्षणे

थरथरणे, धाप लागणे, लाळ गळणे, सतत भुंकणे, अन्न नाकारणे, घरात मलमूत्र विसर्जन करणे ही कुत्र्यातील सामान्य लक्षणे होत. मांजर बहुधा पलंगाखाली किंवा अडगळीत दडून बसते. ही वर्तणूक अवज्ञा नसून भीतीची प्रतिक्रिया असल्याने शिक्षा केल्यास भीती वाढते. भ्यालेल्या प्राण्याला जवळ घेतल्याने त्याची भीती बळावते, हा समज चुकीचा आहे.

पूर्वतयारी

सणापूर्वी काही आठवडे फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अतिशय हळू ऐकवून त्याच वेळी आवडता खाऊ दिला जातो आणि आवाज क्रमाक्रमाने वाढवला जातो. प्राणी अस्वस्थ झाल्यास पुन्हा आधीच्या पातळीवर यावे लागते. घाबरलेले प्राणी पळून जाऊन हरवण्याचा धोका असल्यामुळे गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असणे आवश्यक असते.

सणाच्या काळातील काळजी

दारे, खिडक्या व पडदे बंद ठेवून घराच्या आतील खोलीत अंथरूण व पाणी ठेवले जाते. पंखा, दूरदर्शन किंवा संथ संगीत यांमुळे बाहेरचा आवाज काही अंशी झाकला जातो. प्राण्याने स्वतः निवडलेल्या जागेतून त्याला ओढून काढू नये. कुत्र्याला सायंकाळ होण्यापूर्वी व साखळी लावूनच फिरवणे हिताचे असते. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या सुमारासही फटाके वाजत असल्याने त्या दिवशी पहाटेचे फिरणे टाळले जाते. न वाजलेले फटाके व त्यांची दारू पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

औषधोपचार

तीव्र भीतीसाठी पशुवैद्यक चिंताशामक औषधे देतात. केवळ गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी प्राणी शांत दिसला तरी त्याची भीती कायम राहू शकते. माणसांची औषधे परस्पर देणे धोकादायक असून पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते.

कायदेशीर तरतुदी

भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास मनाई आहे. प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. हरित फटाके कमी प्रदूषणकारी असले, तरी ते निःशब्द नसतात. त्यामुळे त्यांच्या वापरातही वरील काळजी आवश्यक ठरते.