घरकोंबडा नर, भटकी मादी

फेब्रुवारीची रात्र. फिनलंडच्या सूचिपर्णी जंगलात बर्फ साचलाय आणि एका ढोलीजवळ बसून टेंगमाल्मच्या घुबडाचा नर तासन्‌तास एकसुरी साद घालतोय. आपल्या पिंगळ्याहून जरा मोठा, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. पक्ष्यांच्या याद्यांमध्ये या जातीपुढे 'निवासी' असा शिक्का असतो. तो नराला शोभतो. मादीला नाही.

पश्चिम फिनलंडमध्ये एर्की कोर्पिमाकी आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकापासून या घुबडांसाठी झाडांवर लाकडी पेट्या टांगून त्यांच्या पायांत कडी घालत आले. एकदा घर केलेला नर पुढच्या वर्षी बहुधा पाचेक किलोमीटरच्या आतच सापडतो. मादी मात्र कधी शेकडो किलोमीटर दूर, वेगळ्याच नराच्या घरात अंडी घालताना आढळते.

भानगड आहे पोटाची. या घुबडांचं मुख्य अन्न म्हणजे व्होल, आखूड शेपटीचे उंदीर. तिथे त्यांची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने भरमसाट वाढते आणि मग कोसळते. मोठं राखी घुबड जाड बर्फ फोडून खालचा उंदीर उचलतं. या चिमुकल्याला ते झेपत नाही. मग दुष्काळात नर जात का नाही? कारण ढोली. काळ्या सुताराने कोरलेल्या मोठ्या ढोल्या मोजक्याच, आणि कुठल्या ढोलीवर मार्टेन या शिकारी प्राण्याची नजर आहे हे जुन्या रहिवाशालाच ठाऊक. जागा सोडली की गेली. त्यापेक्षा छोट्या पक्ष्यांवर भागवलेलं बरं. नराच्या जवळपास दीडपट वजनाच्या मादीला राखायला घर नाही. जिथे उंदीर, तिथे ती.

शरद ऋतूत संशोधक रात्री नराचा ध्वनिमुद्रित आवाज लावून जाळी टाकतात, तेव्हा सापडतात त्या मुख्यतः माद्याच. यावर शंका घेता येते, आणि घ्यावीच. नराच्या हाकेला मादीच जास्त येणार. पण घरट्यांत सापडलेल्या कड्यांना ती शंका लागू होत नाही.

उंदरांची चंगळ असलेल्या वर्षी तर काही माद्या पिल्लं उडायच्या आधीच निघून जातात आणि त्याच हंगामात दुसरीकडे, दुसऱ्या नराबरोबर पुन्हा संसार मांडतात. मागे राहिलेल्या पिल्लांना उंदीर आणून घालायचं काम पहिला नर एकटा करतो, त्याच ढोलीत.