काचेमागचा साक्षीदार
मुंबई-अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याशी टक्कर झाली, की चूक कोणाची हे बहुधा आवाज कोणाचा मोठा यावरून ठरते. वसई-विरारच्या मोटारींत काचेमागे डॅशकॅम दिसू लागला, तो यामुळेच. मात्र या साक्षीदाराची स्मृती अल्प! कार्ड भरताच जुन्या चित्रणावर नवे चढते. म्हणून अपघातानंतर कार्ड तत्काळ काढून जपावे. खरेदी करताना जाहिरातीतील आकड्यांपेक्षा रात्री पुढील गाडीचा क्रमांक वाचता येतो काय, हे पाहणे श्रेयस्कर. न्यायालयात तथापि एवढ्याने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र मागते आणि त्यावर तज्ज्ञाचीही स्वाक्षरी हवी. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कारकुनाने हा तज्ज्ञ कोठे शोधावा?