सीएचएम फाइल लिनक्सवर कशी उघडावी

न्यासाच्या वाचनालयातील संगणकांवर लिनक्स बसविल्यापासून सभासदांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या मुलांकडून, आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. घरच्या कपाटात जुनी सीडी सापडते. तीत एखादा शब्दकोश, एखाद्या संगणक-भाषेची पाठावली किंवा कारखान्यातील यंत्राची माहितीपुस्तिका असते. फाइलीच्या नावाच्या शेवटी सी, एच, एम ही तीन अक्षरे असतात आणि टिचकी मारली की, ही फाइल उघडणारा प्रोग्रॅम येथे नाही, एवढेच उत्तर मिळते. फाइल बिघडली असे समजून पुष्कळजण ती सीडी रद्दीत टाकतात. वस्तुतः फाइल धडधाकट असते; तिची गाठ कशी सोडवावी हे ठाऊक नसते, एवढेच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर अनेक घरांतील जुन्या यंत्रांवर लिनक्स आले आहे, तेव्हा हा विषय सर्वांसमोर एकदा नीट मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रोग्रॅमांबरोबर द्यावयाच्या साहाय्य-पुस्तिकांसाठी ही नवी पद्धत काढली आणि विंडोज ९८ बरोबर ती घरोघरी पोहोचली. तिच्याआधी एचएलपी नावाच्या फाइली होत्या. त्यांची घडण अगदी वेगळी. नव्या पद्धतीत पुस्तिका लिहिणारा साधी वेबपाने तयार करी, त्यांना चित्रे जोडी, एक अनुक्रमणिका आणि एक शब्दसूची लिही, आणि मग हा सारा पसारा एका यंत्रणेतून दाबून एकच फाइल बनवी. दाबण्यासाठी जी रीत वापरली ती एलझेडएक्स. ती जोनाथन फोर्ब्स आणि टोमी पौटानेन ह्या दोघांनी १९९५ च्या सुमारास अमिगा संगणकासाठी तयार केली होती. फाइलीच्या अगदी आरंभी आय, टी, एस, एफ ही चार अक्षरे असतात. विस्ताराचे नाव कोणी बदलून ठेवले असले तरी ह्या चार अक्षरांवरून फाइलीची जात ओळखता येते.

सांगावयाचा मुद्दा हा की, सीएचएम म्हणजे काही गूढ प्रोग्रॅम नव्हे. ते कापडात घट्ट बांधलेले वेबपानांचे गाठोडे आहे. कापड विंडोजचे असले तरी आतली पाने कोणत्याही ब्राउझरला वाचता येण्यासारखी असतात. मायक्रोसॉफ्टने ह्या बांधणीचा सविस्तर तपशील कधी प्रसिद्ध केला नाही. मॅथ्यू रुसोटो यांच्यासारख्या अभ्यासूंनी फाइलींतील बाइट न् बाइट तपासून तो शोधून काढला, आणि त्या शोधाच्या आधारे जेड विंग यांनी सीएचएमलिब हे मोफत ग्रंथालय (प्रोग्रॅमांनी वापरावयाचे, पुस्तकांचे नव्हे) लिहिले. लिनक्सवरील कितीतरी वाचन-प्रोग्रॅम त्याच पायावर उभे आहेत.

आता प्रत्यक्ष कृती. उबुंटू, मिंट, डेबियन किंवा सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेले बॉस लिनक्स, ह्यांपैकी काहीही असले तरी सॉफ्टवेअरच्या भांडारात शोध घ्यावा. एक्ससीएचएम हा लहानसा प्रोग्रॅम बहुधा मिळतो. तो बसविला की डावीकडे अनुक्रमणिका व उजवीकडे पान, असे जुने ओळखीचे रूप दिसते, आणि शोधही घेता येतो. मात्र तो पाने फार साधेपणाने रेखतो. सजावटीची पाने त्यात ओकीबोकी दिसतात आणि पानांतील हलत्या कळी चालत नाहीत. सजावट हवी असेल तर केसीएचएमव्ह्यूअर किंवा त्याचेच नवे भावंड यूसीएचएमव्ह्यूअर पाहावे. ज्या आवृत्तीच्या भांडारात जे मिळेल ते घ्यावे, अडून बसू नये. ऑक्युलर हा पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅमही जादा पॅकेज जोडल्यास अनेक आवृत्त्यांत ह्या फाइली उघडत आला आहे. वाइनच्या आधाराने विंडोजचा मूळ वाचकच लिनक्सवर चालविण्याचा खटाटोप काहीजण करतात. आमच्या मते डाळ शिजविण्यासाठी भट्टी पेटविण्याचा तो प्रकार आहे.

परंतु आमची शिफारस वाचकापेक्षा गाठोडे सोडविण्याची आहे. कारण असे की, वाचन-प्रोग्रॅम आज भांडारात असतो आणि पुढल्या आवृत्तीत सांभाळणारा कोणी न राहिल्याने वगळला जातो. सोडविलेली पाने मात्र ब्राउझर आहे तोवर वाचता येतील. त्यासाठी एक नवे फोल्डर करावे, फाइलीची एक प्रत त्यात ठेवावी, त्या फोल्डरात टर्मिनल उघडावे, आणि तेथे इंग्रजी ७ हा अंक व त्याला जोडून झेड, मग जागा सोडून एक्स, पुन्हा जागा सोडून फाइलीचे नाव लिहून एंटर दाबावे. अक्षरे सारी लहान लिपीतली. सेव्हन-झिप नावाच्या ह्या साधनाला ही दाबण्याची रीत ठाऊक आहे. नवे फोल्डर आवर्जून करावे. न केल्यास शेकडो पाने असतील तेथेच सांडतात आणि ती वेचताना जीव मेटाकुटीस येतो.

सोडविल्यावर आत काय दिसते? वेबपाने, चित्रे, एचएचसी नावाची अनुक्रमणिकेची फाइल, एचएचके नावाची शब्दसूची, आणि कित्येकदा डॉलरच्या किंवा जाळीच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या काही फाइली. ह्या शेवटच्या फाइली विंडोजच्या वाचकाच्या कामाच्या. त्यांच्याकडे पाहू नये. अनुक्रमणिकेची फाइल साध्या लेखन-प्रोग्रॅममध्ये उघडली तर प्रत्येक प्रकरणाचे नाव आणि त्याच्या पानाची फाइल शेजारी शेजारी लिहिलेली सापडते. पहिले पान कोणते हे त्यावरून कळते. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडल्यास मात्र नुसते ठिपके दिसतात, कारण नावे तेथे पडद्यावर छापण्यासाठी लिहिलेलीच नसतात.

येथे दोन अडचणी हमखास येतात. विंडोजला फाइलीच्या नावातील मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांत भेद वाटत नाही. लिनक्सला तो वाटतो. पानात चित्राचे नाव मोठ्या अक्षरांत आणि प्रत्यक्ष फाइलीचे लहान अक्षरांत असेल, तर चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. नाव बदलून पाहावे, चित्र येते. दुसरी अडचण दुव्यांची. काही पानांतील दुवे त्या बांधणीलाच उद्देशून लिहिलेले असतात, ते ब्राउझरला कळत नाहीत. अशा वेळी अनुक्रमणिकेवरून पान शोधून उघडावे.

मराठी पुस्तिकांची अडचण ह्याहून निराळी आहे, आणि आपल्या सभासदांना तीच अधिक जाचेल. सीएचएमची अनुक्रमणिका व शब्दसूची विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्यांवर बेतलेली होती, आणि त्या तक्त्यांत देवनागरीला जागाच नव्हती. म्हणून अस्सल युनिकोड मराठी पाने असूनही डावीकडील यादीत नुसती प्रश्नचिन्हे दिसत. हा दोष तुमच्या लिनक्सचा नव्हे. त्याहून जुन्या पुस्तिका युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत लिहिलेल्या असतात. तेथे मराठीचा भास होतो तो केवळ अक्षरांच्या आकृतीमुळे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे व चिन्हेच असतात. तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर पानभर निरर्थक अक्षरे दिसतात. फायरफॉक्समधील अक्षर-दुरुस्तीची सोय येथे काही करू शकत नाही. तोच फॉन्ट मिळवून बसवावा, किंवा त्या फॉन्टासाठी बनविलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडात आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. चूक राहते ती तेथेच.

ज्यांना पुस्तिका मोबाइलवर किंवा ई-वाचकावर न्यावयाची आहे त्यांनी कॅलिबर वापरावा. कोविद गोयल या भारतीयाने २००६ साली आरंभिलेला हा मोफत प्रोग्रॅम सीएचएम घेऊन ईपब बनवून देतो. सरळ गद्याच्या पुस्तिका त्यात चांगल्या उतरतात. तक्त्यांच्या पुस्तिका उतरतीलच असे नाही.

एक सावधगिरी मुलांच्या पालकांना सांगितलीच पाहिजे. सीएचएमच्या पानांत आज्ञा लपविता येतात, आणि विंडोजवर ह्या वाटेने पुष्कळ उपद्रव झाला आहे. म्हणूनच २००५ साली मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या यंत्रावरील अशी फाइल जाळ्यातून थेट उघडण्यावर बंधन घातले. विंडोजवर यादी दिसते पण पान कोरे, असा अनुभव बाहेरून उतरवून घेतलेल्या फाइलीबाबत येतो तोही अशाच बंदोबस्तामुळे. लिनक्सवर त्या आज्ञांचा जोर बहुधा चालत नाही. तरी अनोळखी माणसाने पत्राबरोबर धाडलेली सीएचएम कोणत्याही यंत्रावर उघडू नये. आपल्याच कपाटातील सीडीची गोष्ट वेगळी. ती लख्ख पुसून आधी तिची सबंध प्रत संगणकावर उतरवून घ्यावी, आणि मग गाठोडी सोडविण्यास बसावे, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या सीडी पुढल्या खेपेस वाचल्या जातीलच अशी खात्री नसते.