मासा की पाऊस?

आमच्याकडे दमेकऱ्याला पाहायला येणारा माणूस चहाचा कप खाली ठेवता ठेवता एक वाक्य हमखास ऐकवून जातो, "दमा दम के साथ!" दमा जायचा तो माणसाच्या दमाबरोबरच, म्हणजे प्राणाबरोबरच. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण खाटेवर उशाला तीन उशा लावून बसलेल्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात प्रथम आला तो ती खाट माझ्या आईची झाली तेव्हा.

आमचे घर उमरीचे. नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात, जानेवारी 1948 मध्ये, येथील बँक लुटली गेली होती. ज्यांनी तो इतिहास वाचला आहे त्यांना हे नाव माहीत असेल. निजामाचे राज्य गेले त्याला किती वर्षे लोटली. पण दुखणे आले की आमच्या लोकांचे पाय अजून हैदराबादकडेच वळतात. सिकंदराबादची गाडी गावातूनच जाते. आणि जून महिन्यात त्या गाडीला दमेकऱ्यांची गर्दी असते, कारण मृग नक्षत्र लागताना हैदराबादला माशातून दम्याचे औषध मिळते. पिवळसर औषधाची गोळी जिवंत माशाच्या तोंडात घालून तो मासा रोग्याने गिळायचा. औषध फुकट असते, आणि ते कशाचे करतात हे मात्र गुपित असते.

माझ्या आईच्या गळ्यात पंढरीची माळ. मासा तिला चालणार कसा? पण माळकऱ्यांची सोयही तेथे आहे. त्यांना तेच औषध गुळातून देतात. 2018 आणि 2019 अशी दोन वर्षे मी तिला घेऊन गेलो. एम.ए. झालेला, महाविद्यालयात शिकवणारा माणूस अशा रांगेत उभा राहतो याचे कुणाला हसू येईल. खुशाल यावे. आईला रात्र-रात्र बसून काढावी लागते तेव्हा मुलगा कुठल्याही रांगेत उभा राहतो.

आणि वाचकहो, आईला बरे वाटले! दोन्ही वर्षी वाटले. आठ-पंधरा दिवसांत खोकला उतरला, रात्री डोळा लागू लागला. मी विद्यार्थ्यांना विवेकवादावर निबंध लिहायला सांगत असे, आणि घरी येऊन मनातल्या मनात त्या गुळाला हात जोडत असे.

2020 मध्ये करोना आला. गाड्या बंद, माणसे घरात, आणि हैदराबादचे औषधवाटपही त्या वर्षी झाले नाही. मी धास्तावून गेलो. मृग लागला, चार चांगल्या सरी आल्या, उन्हाळाभर उडणारी धूळ खाली बसली. एके दिवशी सकाळी आई ओसरीत बसून वाती वळत होती. म्हणाली, "अरे, औंदा गूळ बी नाही, काही नाही, तरी बरं वाटायलंय बघ."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. औषध दर वर्षी मृगाला मिळे. पाऊसही मृगालाच येई. मग दोन वर्षे आईला बरे वाटले ते औषधाने, की पावसाने?

हा प्रश्न दिसायला भाबडा आहे. पण दम्यावरच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट रोगावरच्या आधुनिक औषधांची सारी यंत्रणा याच एका प्रश्नाभोवती उभी आहे, हे मला पुढे दोन वर्षे जमेल तसे वाचून काढल्यावर कळले. ते सांगण्यासाठीच हा लेख.

त्याआधी आईच्या दुखण्याचे नाव सांगतो. 2022 मध्ये तिला नांदेडच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एका नळीत जोराने फुंकायला लावले. ही स्पायरोमेट्री. भरून घेतलेल्या श्वासापैकी पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजतात. मग त्यांनी विचारले, "आजी, विडी, तंबाखू, काही?" आई इतकी रागावली की धाप लागलेली असतानाही तिला शब्द सापडले. "कामून? मी काय इडी ओढनारी दिसायले का तुमाला?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "विडी नाही, मग चूल?"

चूल होतीच. चाळीस वर्षे होती. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या, हिवाळ्यात तुराट्या, एरवी गोवऱ्या. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात आई फुंकणीने जाळ करी, आणि डोळे पुसत आम्हाला भाकरी वाढी. तिला झालेला रोग दमा नव्हता, सीओपीडी होता. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होत जातात, फुप्फुसाची जाळी विरते. हा विडी-सिगारेटवाल्यांचा रोग अशी जगाची समजूत होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या समजुतीला धक्का दिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, तर लाकूड, काटक्या, शेणी यांचा धूर घेणारे सुमारे 300 कोटी! माझी आई त्या तीनशे कोटींतली एक. तिने कधी विडीला हात लावला नाही, पण आमच्या प्रत्येक भाकरीमागे ती धूर ओढत होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध खरे की पाऊस खरा, हे ठरवायचे कसे? उपाय ऐकायला सोपा आहे. एकसारखे रोगी घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तसेच, पण आत काही नसलेले. कुणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग फुंकून घ्यायचे आणि मोजायचे. पाऊस दोन्ही गटांवर सारखाच पडतो. तरीही फरक उरला, तर तो औषधाचा.

या परीक्षेपर्यंत पोचायलाच मोठी मजल मारावी लागते. आधी प्रयोगशाळेत हजारो रेणू चाळायचे, मग प्राण्यांवर पारखायचे. त्यानंतर माणसांवर तीन पायऱ्या: पहिलीत थोडे निरोगी स्वयंसेवक, औषध सोसते का हे पाहायला, दुसरीत काही शे रोगी, गुण येतो का आणि मात्रा किती हे पाहायला, तिसरीत हजारो. यात दहा-पंधरा वर्षे सहज जातात. आणि माणसांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी नऊ वाटेतच गळतात.

अशाच एका गळालेल्या औषधाची हकीकत आपल्या महाराष्ट्रातली आहे. दम्याच्या जुन्या गोळ्यांत थिओफिलीन असते. कॉसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते 1888 मध्ये चहाच्या पानांतून वेगळे केले. आपल्या पेशींत दाह शमवण्याचा निरोप पोचवणारा एक रेणू असतो, आणि त्या रेणूचे तुकडे करणारी विकरेही असतात. थिओफिलीन या विकरांना अडवते. पण ते सरसकट सगळ्यांनाच अडवते, म्हणून छातीत धडधड, पोटात मळमळ. शास्त्रज्ञांना वाटले, यांतले नेमके एकच विकर, पीडीई-4, अडवता आले तर?

मुंबईची ग्लेनमार्क कंपनी 1977 मध्ये ग्रेशियस सालढाणा यांनी काढली आणि ग्लेन व मार्क या आपल्या दोन मुलांची नावे जोडून तिचे बारसे केले. नवी मुंबईत महापे येथे तिची प्रयोगशाळा आहे. या कंपनीने पीडीई-4 ला अडवणारा एक रेणू तयार केला. त्याचे नाव ऑग्लेमिलास्ट. 2004 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट कंपनीने तो पुढे नेण्याचा करार केला. सगळे टप्पे पार पडले असते तर त्यापोटी 19 कोटी डॉलरपर्यंत रक्कम मिळायची होती. पुढच्या वर्षी जपानची तेजिन कंपनीही आली. दुसऱ्याची औषधे स्वस्तात बनवणारा देश अशी आपली ओळख. आता आपल्या रेणूवर दम्याची आणि सीओपीडीची परदेशात परीक्षा होणार होती!

2009 मध्ये दुसऱ्या पायरीचा निकाल लागला. सीओपीडीच्या रोग्यांना औषध दिले, दुसऱ्या गटाला नुसती पोकळ गोळी दिली, आणि फुंकून मोजले. फरक पुरेसा उरला नाही. ऑग्लेमिलास्ट नापास झाले.

हे वाचून प्रथम मला वाईट वाटले. मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि वाईट वाटणे थांबले. ज्यांनी त्या रेणूवर वर्षे आणि पैसा ओतला, त्यांच्याच पदरात तो नापास झाला, आणि हे जगाला सांगितले गेले. गुपित औषधाचे एक सुख असते. ते कधी नापास होत नाही, कारण ते कधी परीक्षेलाच बसत नाही. मी चौदा वर्षे पेपर तपासतो आहे. ज्या वर्गात कुणीच नापास होत नाही, त्या वर्गातल्या पहिल्या नंबराला काय किंमत, हे मला चांगले ठाऊक आहे.

त्याच कुळातले रोफ्लुमिलास्ट हे दुसऱ्यांचे औषध मात्र पास झाले. त्याला 2010 मध्ये युरोपात आणि 2011 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि याच वाटेवरची आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. डेव्हिड जॅक हा स्कॉटलंडमधल्या एका कोळसा-खाण कामगाराचा मुलगा. 1969 मध्ये बाजारात आलेले सालब्युटामॉल, म्हणजे आज खेडोपाडी मिळणारा निळा पंप, हे त्याच्या प्रयोगशाळेचे काम. निवृत्तीनंतरही तो स्वस्थ बसला नाही. पीडीई-3 आणि पीडीई-4 या दोन्ही विकरांना अडवणारे, पोटात न घेता श्वासातून घ्यायचे एन्सिफेंट्रीन हे औषध त्याने सहकाऱ्याबरोबर रचले. 2011 मध्ये तो वारला. त्या औषधाला अमेरिकेत सीओपीडीसाठी परवानगी मिळाली जून 2024 मध्ये. त्याचा जन्म 1924 चा. म्हणजे त्याच्या शंभराव्या वर्षी त्याचे शेवटचे औषध रोग्याच्या छातीत पोचले! त्याच वर्षी ड्युपिलुमॅब हे इंजेक्शनही सीओपीडीच्या काही रोग्यांसाठी मान्य झाले. ज्यांच्या रक्तात विशिष्ट पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात त्यांनाच त्याचा उपयोग. पण तितक्यांना तरी खिडकी उघडली.

घरगुती औषधांना मी हिणवतो आहे असे कृपा करून समजू नका. परसातल्या अडुळशात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य आहे. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि खोकल्याच्या बाटलीवर तुम्ही ते नाव वाचलेही असेल. आजीबाईचा बटवा आणि प्रयोगशाळा यांचे वैर नाही. बटव्यातली पुडी मोजायला काढू दिली, की झाले.

आता घरातली गोष्ट. डॉक्टरांनी आईला सकाळी एकदा कॅप्सूल घालून ओढायचे एक यंत्र आणि अडचणीसाठी निळा पंप लिहून दिला. आठ दिवसांनी मी उमरीला गेलो तर आई तशीच धापा टाकत होती. पंप तांदळाच्या डब्यात, तळाशी! शेजारणीने सांगितले होते, "पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही." त्यापेक्षा गोळी बरी, असे आईचे मत.

मी कागदावर हिशेब मांडला. सालब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून साऱ्या अंगात हिंडते आणि हातांना कंप सुटतो. फवारा थेट जिथे हवा तिथे जातो. आईला मायक्रोग्रॅम काय कळणार? पण तिने जन्मभर चाळीस माणसांचा स्वयंपाक केला आहे. ती म्हणाली, "म्हंजी वाटीभर तेल वतन्यापरीस हळूच बोट लावल्यावानी?" यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

मला तेव्हा उमगले की औषधाची वाट तिसऱ्या पायरीवर संपत नाही. प्रयोगशाळा, प्राणी, हजारो रोगी, परवानगी, एवढे सारे ओलांडून आलेले औषध आमच्या उमरीत तांदळाच्या डब्यापाशी अडून बसले होते. शेवटची पायरी होती ती आमच्या लाजेची, आणि ती आपल्या घरातल्या माणसांनीच चढून जायची असते.

गेली तीन वर्षे आई नेमाने औषध ओढते, मग तोंड धुऊन चूळ भरते. चूल गेली, गॅस आला. विरलेली जाळी परत विणता येत नाही. देवळापर्यंत जाताना ती अजून दोनदा थांबते. पण पूर्वी ती देवळात जातच नव्हती.

यंदाच्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा मी घरीच होतो. आई ओसरीत येऊन बसली, मोठा श्वास घेतला, आणि माझ्याकडे पाहून मिस्कीलपणे म्हणाली, "काय रे मास्तर, हे पंपानं का पावसानं?"

मी म्हणालो, "तुझ्या एकटीवरून नाही सांगता यायचं, आई. ते हजारो माणसांना फुंकायला लावून मोजलंय."

"मंग असू दे," ती म्हणाली, "पाऊस बी येऊ दे."